मध्ययुगाचे पंधरा तास

आमच्या विभागात एक महायुद्ध अजून संपलेलं नाही. क्रमशः सरांच्या वर्गात बसून गेलेल्या कुठल्याही पिढीला विचारा. तोफा धडाडत असतात, दोन्हीकडची सैन्यं चिखलात रुतलेली असतात, आता तह होणार, उद्याच्या तासाला नक्की होणार असं वाटत असतं, आणि वर्ष संपतं. मुलं परीक्षा देतात, पास होतात, नोकरीला लागतात. एकदा बँकेच्या रांगेत काउंटरमागच्या माणसाने मला ओळखलं. "तुम्ही सरांच्या विभागात ना?" असं म्हणून त्याने मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक विचारू? त्या युद्धात शेवटी जिंकलं कोण?"

'क्रमशः' हे नाव मुलांनी ठेवलं, कारण सरांचा प्रत्येक तास मासिकातल्या गोष्टीसारखा ऐन रंगात तुटायचा. घंटा व्हायची तेव्हा सर एखाद्या राजाला घोड्यावर बसवत असायचे. राजाचा एक पाय रिकिबीत, दुसरा जमिनीवर, आणि मुलं डबे उघडायला पसार. दुसऱ्या दिवशी सर रिकिबीपासून सुरुवात करायचे. रिकीब आधी कुठे निघाली, तिच्यामुळे लढाया कशा बदलल्या, लोहारांना काम कसं मिळालं. राजा बिचारा तसाच एका पायावर.

यात आळस नव्हता. उलट सरांइतका राबणारा माणूस अख्ख्या इमारतीत नव्हता. त्यांना सोडता येत नसे, एवढंच. "हे सोडलं तर ते कसं कळणार?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. सर "थोडक्यात सांगतो" म्हणाले की जाणती माणसं खुर्ची ओढून घेत. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डाच्या मुख्य सिस्टर. त्या म्हणायच्या, "ह्यांना मी एकदा बल्ब आणायला पाठवलं. अंधार पडल्यावर परत आले. बल्ब नाहीच, पण दुकानदाराच्या आजोबांचं सगळं कळलं."

अशा माणसाच्या हातात विद्यापीठाने कात्री दिली.

झालं असं की वरून ठरलं, यापुढे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला, मग तो यंत्रं शिकत असो की हिशोब, थोडा तरी इतिहास आला पाहिजे. थोडा म्हणजे सगळाच. गुहेपासून मोबाइलपर्यंत, सगळ्या जगाचा, एका सत्रात, पंचेचाळीस तासांत. त्यापायी विभागातले प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक असे तीन वेगवेगळे विषय बंद करून एकाच भांड्यात ओतायचे होते. अभ्यासक्रम आखायचा तो विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी. आणि आमच्याकडे एक जुना दंडक आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात: ज्याच्या हातात कात्री, त्याने आधी आपलं कापड कापायचं.

मी कायम नोकरीतल्या मंडळींत सगळ्यांत धाकटा, म्हणून टिपणं काढायला आणि टाइप करायला मला बसवलं. मी लहान गावात शिकलेला. आमच्या शाळेत इतिहास कवायतीचे मास्तर शिकवायचे. त्यांची शिट्टी वाजली की साम्राज्यं लयाला जायची, एका तासात तीन-तीन. त्यामुळे पंचेचाळीस तास म्हणजे मला चैन वाटली. मी सरांना तसं म्हटलंही.

"पंचेचाळीसची काळजी मला नाही रे," सर म्हणाले. "मला दहाची काळजी आहे."

ते दहा तास मधल्या बाईंचे.

आमच्याकडे प्राचीन काळ शिकवायला अश्मयुग सर होते. ते वयानेही थोरले आणि विषयानेही. आधुनिक काळ क्रमशः सरांकडे. या दोघांच्या मध्ये सापडलेल्या हजार-बाराशे वर्षांवर एक बाई होत्या, त्या मधल्या बाई. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेसारखंच होतं त्यांचं. मान थोरलीला, लाड धाकटीचे आणि भांड्याला मधली. पेपर तपासायला कोण, तर मधल्या बाई. सहलीला मुलींबरोबर कोण, मधल्या बाई. आणि एवढं करून त्या कायम नव्हत्याच. तासावर होत्या. दर वर्षी नवी ऑर्डर निघायची, दर वर्षी ती निघेपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागायचा. चौदा वर्षं असं चाललेलं. नवऱ्याची पाठ गेल्यापासून तो घरीच, मुलगी शिकत होती, घरात मिळवणाऱ्या या एकट्या. ऑफिसचा खडू फळ्यावर उमटत नाही म्हणून स्वतःचे खडू आणायच्या, आणि ते चष्म्याच्या घरात ठेवायच्या. चष्मा मग डोक्यावर नाहीतर हरवलेला.

तासावरच्या माणसाचा नियम सोपा आहे. सत्राला निदान दहा तास असतील तर ऑर्डर निघते. साडेनऊ असतील तर निघत नाही. तीन विषय मोडून एक झाल्यावर मध्ययुगाच्या वाट्याला किती तास येणार, यावर बाईंची नोकरी होती. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बाईंना तर होतंच.

"सर, मला दहाच द्या," बाई म्हणाल्या. "दहात मी हजार वर्षं बसवते. जरा दाटीवाटी होईल. राजांना उभं राहावं लागेल, पण माझे विणकर, मठ आणि काफिले बसतील सगळे."

"दहा म्हणजे दहा," सर म्हणाले. "शब्द देतो."

मी तेव्हाच मनात म्हटलं, सर शब्द देतात तेव्हा वाक्य पूर्ण होईलच असं नाही.

पहिल्या बैठकीला विभागाबाहेरचेही लोक बोलावले होते. चहा यायच्या आधीच अश्मयुग सरांनी तोंड उघडलं.

"हे बघा, माणूस जन्माला आल्यापासून शंभरातली नव्याण्णव वर्षं त्याने दगडच फोडलेत. न्यायाने जायचं तर पंचेचाळीसातले चव्वेचाळीस तास माझे."

"आणि उरलेल्या तासात?" मी विचारलं.

"त्यात तुमच्या सरांचं महायुद्ध. नाहीतरी त्यांना ते संपवायचं नसतंच."

अर्थशास्त्रवाले म्हणाले, व्यापाराशिवाय इतिहास म्हणजे गिऱ्हाइकाशिवाय दुकान, आठ तास हवेत. विज्ञानवाल्या बाईंना शोधांचा इतिहास हवा होता. संगणकवाले आतापर्यंत फोनमध्ये डोकं घालून होते, त्यांनी ते वर काढलं आणि म्हणाले, "मुलांना नोकरी लागेल असंही काहीतरी टाका." सर प्रत्येकाचं ऐकत होते, मान डोलावत होते, आणि प्रत्येकाला म्हणत होते, "बरोबर आहे. हे कसं सोडणार?" बैठक संपल्यावर मी बेरीज केली. एकशे तीस तास झाले होते. मधल्या बाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही चहा घेऊन नुसतं हसून घेतलं.

पुढचे कित्येक दिवस सरांच्या घरातलं जेवणाचं टेबल जेवणाच्या कामाचं राहिलं नाही. सरांनी एकेका मुद्द्याची एकेक कागदी पट्टी कापली होती. शेती एक पट्टी, लिपी एक, छापखाना एक, साथीचे रोग एक. टेबल म्हणजे पंचेचाळीस तास. पट्ट्या टेबलावर मावायच्या नाहीत. सर एक उचलायचे, दिव्याखाली धरून वाचायचे, हळहळायचे, आणि परत ठेवायचे, पण दोन पट्ट्यांच्या मध्ये तिरकी.

काकू ड्यूटीवरून आल्या, त्यांनी ते पाहिलं. "अजून लिपीच हातात? काल पण हीच होती."

"अगं, लिपी सोडली तर पुढचं सगळं कुणी लिहिलं, हा प्रश्न येतो."

"अहो, माझ्या वॉर्डात खाटा वीस. एकविसावा पेशंट आला की मी विसांकडे बघते, ज्याला जरा बरं आहे त्याला घरी पाठवते. रडत बसले तर एकविसावा दारात मरेल."

"पण तुझे पेशंट बरे होऊन जातात. माझ्याकडून जो जाईल तो मेलेला आहे आधीच. त्याला आता फक्त हीच खाट होती."

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जेवून जा. ताट मांडीवर घ्यावं लागेल. टेबलावर मानवजात आहे."

त्याच संध्याकाळी सरांनी आपलं कापड कापलं. आधी दोन क्रांत्या बाजूला केल्या. मग कारखाने. मग बराच वेळ दोन महायुद्धांच्या पट्ट्या हातात घेऊन बसले, त्या एकीवर एक ठेवल्या आणि वर लिहिलं, 'एक तास'. मला वाटलं चष्मा बदलायला झालाय त्यांचा.

"सर, दोन महायुद्धं, एक तास?"

"हो."

"तह होईल त्यात?"

"करू," सर म्हणाले. "घाईघाईत करू."

असे आपल्या अंगावरचे तास काढून काढून त्यांनी मध्ययुगासमोर ठेवले. दहा झाले तरी थांबेनात. बारा. तेरा. पंधरा.

"दहा पुरे होते ना?" मी म्हटलं.

"तुला बाजार कळत नाही." सरांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच धूर्तपणा पाहिला, आणि तो त्यांना अजिबात शोभत नव्हता. "दहा मागितले तर अभ्यास मंडळात कुणीतरी एक कापणार. मंडळ काहीतरी कापल्याशिवाय उठत नाही, नाहीतर आपण बसलो कशाला असं त्यांना वाटतं. नऊ झाले की बाई गेल्या. आपण पंधरा मागायचे. ते कापतील तीन-चार. अकरा-बारा राहिले की बाईही राहिल्या आणि मंडळाचाही मान राहिला."

मला ते पटलं. आमच्या गावात बैलापासून बादलीपर्यंत सगळं याच पद्धतीने विकलं जायचं.

सरांनी कच्चा मसुदा बाईंनाच तपासायला दिला. स्टाफरूममध्ये त्या खिडकीजवळ उभ्या राहून वाचत होत्या. वाचता वाचता त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"सर, पंधरा?"

"कापतील हो. लगेच हरखू नका."

"पंधरात तर मी माणसांना बसून पाणी पिऊ देईन," बाई म्हणाल्या. "साथीचा रोग दोन तास घेते. दर वेळी एका तासात निम्मं गाव मारावं लागतं, मुलांना काही वाटतच नाही." मग चष्म्याचं घर उघडून त्यांनी दोन नवे खडू काढले आणि एक मला दिला. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी कळलं की घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, आणि त्याने पाठीचा पट्टा आवळून, कित्येक महिन्यांनी, कोपऱ्यापर्यंत फेरी मारली होती.

अभ्यास मंडळाची बैठक झाली. लांब टेबल, निळ्या फाइली, पाण्याच्या झाकलेल्या ग्लासांची रांग. सर घासाघीस करायची सगळी तयारी करून गेले होते. कुठे ताणायचं, कुठे सोडायचं, कुणाच्या तोंडावर 'बरं, तुमच्यासाठी एक कमी' म्हणायचं, सगळं ठरलेलं. डीनसाहेबांनी मसुदा चाळला. मग पहिल्यापासून परत चाळला. 

"वा," डीनसाहेब म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"इतकी वर्षं अभ्यासक्रम बघतोय. ज्याचा त्याचा आपलाच काळ मोठा. पहिल्यांदा असा प्रमुख बघतोय ज्याने स्वतःचा विषय लहान केला. मध्ययुगाकडे सगळे दुर्लक्ष करतात, इथे एक तृतीयांश! याला धाडस लागतं."

"म्हणजे, पंधरा जरा जास्तच होतात, नाही का?" सर घाईने म्हणाले. "एखाददुसरा तास कमी करायचा असेल तर…"

"मुळीच नाही! नम्रपणा पुरे. कुणाला काही कापायचंय?"

कुणालाच नव्हतं. अश्मयुग सरांनीसुद्धा टेबल वाजवलं. मंडळाच्या आजवरच्या कारकिर्दीत एकही अक्षर न कापता मंजूर झालेला हा पहिला अभ्यासक्रम. बाहेर आल्यावर मी सरांचं अभिनंदन केलं, तर ते म्हणाले, "कापायला हवं होतं रे. सवयीचे लोक आहेत, असं कसं केलं त्यांनी?" पण हसत होते. बाईंना त्यांनी जिन्यातच सांगितलं. पंधराचे पंधरा. बाईंनी जिन्याचा कठडा धरला आणि म्हणाल्या, "सर, आज तुम्ही वाक्य पूर्ण केलंत."

पंधरवडा उलटला आणि ऑफिसातल्या हेडक्लार्कने सरांना बोलावून घेतलं. मी बरोबर होतो. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हे. वाईट बातमी द्यायची असली की आधी पंखा तुमच्याकडे फिरवतो. त्याने पंखा आमच्याकडे फिरवला.

"सर, बाईंची ऑर्डर निघत नाही."

"का? दहापेक्षा जास्त आहेत की!"

"तेच ना. बारापेक्षाही जास्त आहेत. नव्यात अख्खं मध्ययुग हा एकच घटक झालाय. एका घटकाचे तास बाराच्या वर गेले की तो तासावरच्या माणसाला देता येत नाही. कायम शिक्षकानेच शिकवायचा."

"हा कुठला नियम? कुणी केला हा मूर्खपणा?"

हेडक्लार्कने जुनी फाइल उघडून सरांसमोर सरकवली. मी वाकून पाहिलं. ठराव मांडणाराची सही होती. 'ह'चं शेपूट ओढून पुढच्या ओळीपर्यंत नेणारा आमच्या इमारतीत एकच माणूस.

सरांना आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा ते खाली बसले. बाई नव्या नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. कायम असलेले लोक आपले जड घटक तासावरच्या माणसाच्या गळ्यात मारायचे आणि मोकळे व्हायचे. बाईंच्या गळ्यात तीन विषय पडले होते. शिकवता शिकवता एकदा त्या वर्गातच चक्कर येऊन पडल्या. सर तेव्हा प्रमुख नव्हते, पण संतापले, भांडले, आणि परिषदेत ठराव करून घेतला की तासावरच्या माणसावर एका घटकाचे बारापेक्षा जास्त तास लादता येणार नाहीत. बाईंच्याच भल्यासाठी. सगळ्या जगातले तह, कलमांसकट, या माणसाला पाठ. स्वतःचा ठराव तेवढा विसरला.

आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. उचलून, धुऊन पुसून, मोठ्या मायेने दुसऱ्याच्या पायावर ठेवणारे सर पहिलेच.

त्यानंतर सर जे धावले त्याला तोड नव्हती. डीनसाहेबांकडे गेले, म्हणाले, तीन तास कमी करा. डीनसाहेब म्हणाले, "छे! दोन विद्यापीठांनी प्रत मागितलीय, आता हात लावायचा नाही." घटकाचे दोन भाग करू, अर्धं मध्ययुग, उरलेलं मध्ययुग, असं सुचवलं. उपकुलसचिव म्हणाले, कल्पना चांगली आहे, मंडळापुढे ठेवा. मंडळ कधी बसणार? सत्र संपल्यावर. ठरावच रद्द करा म्हणाले, तर त्याला परिषद लागणार, आणि परिषदेतला एक गृहस्थ सरांना समजावू लागला की हा ठराव किती पुरोगामी आहे, तासावरच्या गरिबांना तेवढाच आधार. प्रत्येक दारात सरांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला, अभ्यासक्रमाचं कौतुक मिळालं. तीन तास कमी करून कुणी देईना.

"घ्यायला गेलो तर एक तास मिळत नाही," सर मला म्हणाले, "आणि टाकायला गेलो तर कुणी उचलत नाही."

काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "बाईंना सांगितलंत?"

सांगितलं नव्हतं. म्हणजे प्रयत्न केले होते. एकदा सर बाईंना गाठून म्हणाले, "बाई, थोडक्यात सांगतो," आणि विद्यापीठ ही कल्पना मुळात कुठून आली तिथून सुरू झाले. घंटा झाली, बाई तासाला गेल्या. दुसऱ्यांदा नियम म्हणजे काय यावर अडकले. तिसऱ्यांदा मला बरोबर घेतलं. स्टाफरूममध्ये बाई एकट्याच होत्या, जुने पेपर बांधत होत्या.

"बाई, तो पंधरा तासांचा… म्हणजे आपण जे पंधरा… त्याचं असं आहे की पूर्वी एकदा, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही वर्गात पडला होतात…"

"बाराच्या वर गेले," बाई म्हणाल्या.

सर थांबले.

"हेडक्लार्कने पंखा माझ्याकडेही फिरवला होता, सर. मागच्या आठवड्यात." बाईंनी सुतळीला गाठ मारली. "मी वाट बघत होते, तुमचं कधी सांगून होतंय याची. म्हटलं आपण मध्ये बोलू नये."

"बाई, मला दहाच द्यायचे होते."

"माहीत आहे मला."

"पुढच्या वर्षी मी…"

"सर, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." त्यांनी कात्री शोधली, मिळाली नाही, सुतळी दातांनी तोडली. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं वर पाहिलं. "पण मग शिकवणार कोण? अश्मयुग सर निवृत्त होताहेत. याचे तास भरलेत," म्हणजे माझे. "उरलं कोण?"

उत्तर द्यायची गरजच नव्हती, आधुनिक काळ कापून मोकळे झालेले एकटे तेच होते. बाईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. ऑर्डर गेली तेव्हा नसेल उतरला इतका.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "सर, मग माझी माणसं पोहोचणार कधी?"

सत्र सुरू झालं. बाईंना गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खासगी क्लासात काम मिळालं, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. निरोपाला आम्ही काही ठरवायच्या आत त्या येऊन चष्म्याचं घर तेवढं घेऊन गेल्या.

माझा वर्ग आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे. पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येतो. नव्या अभ्यासक्रमात सरांचा पहिला तास सुरू झाला तेव्हा मी शिकवता शिकवता कान तिकडे लावून होतो. राजा आला, घोड्याजवळ गेला. मी मनात म्हटलं, आता लटकणार. तर राजा घोड्यावर बसला आणि चक्क निघून गेला. पुढच्या तासाला मठ झाले, बाजार झाले. काफिले वाळवंट ओलांडून पलीकडे पोहोचलेसुद्धा. रिकिबीचं नावही नाही. सर धापा टाकत शिकवत होते. मध्येच एखादं वाक्य लांबायला लागायचं, सर ते तोडायचे, आणि मला इकडे भिंतीला हात लावावासा वाटायचा. साथीचा रोग त्यांनी मात्र दोन तास घेतला. ते बाईंनी म्हटलेलं मला आठवत होतं, त्यांना आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

ही घाई कशासाठी, ते मला सर हेडक्लार्ककडे बसलेले दिसले तेव्हा उमगलं. प्रमुखाच्या सहीने प्रत्येक घटकाला एक तास पाहुण्या व्याख्यात्याला देता येतो. पंधरा तासांचं मध्ययुग चौदात संपवायचं आणि शेवटचा तास बाईंना द्यायचा, एवढंच सरांच्या हातात उरलं होतं, आणि त्यासाठी हा जन्मभराचा क्रमशः माणूस धावत होता.

चौदाव्या तासाला मध्ययुग संपलं. वेळेवर. घंटेच्या आधी. सरांनी त्याच दुपारी माझ्यासमोर बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, बहुतेक मलाही ऐकू जावं म्हणून.

"बाई, तुमच्यासाठी एक तास ठेवलाय. गुरुवारी, अकराला."

पलीकडे मुलांचा गलका होता. "गुरुवारी अकराला माझी बॅच असते, सर."

"मग शुक्रवारी? खोली बदलून घेतो."

"शुक्रवारी तीन बॅचेस आहेत."

"रविवारी? मुलांना बोलावतो मी."

"रविवारी सराव परीक्षा असते, सर." मग बाई हसल्याचा आवाज आला. "इथे सहा आठवड्यांत सगळा इतिहास असतो. गुहेपासून मोबाइलपर्यंत. तुमचं युद्ध मी पाव तासात संपवते. कोण जिंकलं ते आधीच सांगून टाकते."

"आणि मध्ययुग?"

"त्यावर परीक्षेत दोनच प्रश्न येतात," बाई म्हणाल्या. "चला, सर. पोरं थांबलीत."

फोन बंद झाला तरी सर तो हातात धरून बसले होते.

गुरुवारी अकराला मी माझा वर्ग सुरू केला. पलीकडे हजेरी झाली. मग काहीच नाही. खडूचा आवाज नाही, पावलांचा नाही. सरांच्या वर्गातून एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझी मुलंसुद्धा भिंतीकडे पाहायला लागली.

बऱ्याच वेळाने पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "सर, पुढे?"

"पुढे नाही," सर म्हणाले. "संपलं."

"मग आम्ही जाऊ?"

सर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बाकं सरकली, पण कुणी उठल्यासारखं वाटलं नाही. नंतर एका मुलाला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सरांनी दुसरी एक खुर्ची आणून ठेवली होती, तिच्यावर कुणी बसलं नाही. सर दाराकडे बघत उभे होते. आम्हाला वाटलं, आज काहीतरी मोठं सांगणार. म्हणून आम्ही घंटेपर्यंत बसून राहिलो."